रक्तातली साखर आणि हार्मोन्स: सारखे विचारले जाणारे प्रश्न

आईला डायबेटिस आहे. एका सकाळी तिने साखर मोजायचं मीटर माझ्यासमोर धरलं, त्यावर १३८ होतं, आणि म्हणाली, "रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही, मग ही साखर आली कुठून सांग बरं." मला तेव्हा धड सांगता आलं नाही. मग वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले, आणि एकातून दुसरा असं करत ओळखीतल्या सगळ्या शुगरवाल्यांचे प्रश्न जमा झाले, ते इथे एकत्र लिहितेय. कोणतं औषध किती घ्यायचं हे इथे सापडणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम आहे. शरीर आतून काय करत असतं तेवढंच सांगते.

रात्रभर पोट रिकामं, तरी सकाळी साखर वाढलेली. कुठून येते?

लिव्हरमधून. आपण खातो तेव्हाच रक्तात साखर येते असं आपल्याला वाटतं, पण लिव्हर ही साखरेची कोठी आहे, जेवणानंतर जास्तीचं ग्लुकोज, म्हणजे रक्तातली साखर, ती ग्लायकोजेन नावाच्या रूपात साठवून ठेवते, साधारण १०० ग्रॅमच्या आसपास, आणि आपण झोपलो की त्यातलं थोडं थोडं रक्तात सोडत राहते, शिवाय प्रोटीनचे तुकडे, लॅक्टेट, चरबीतून सुटलेलं ग्लिसरॉल असं काहीबाही वापरून नवीन ग्लुकोज तयारही करते. हे मुद्दाम चाललेलं असतं कारण मेंदू रात्रीही चालूच असतो. लिव्हर स्वतः साखर बनवते हे क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९व्या शतकाच्या मध्यावर दाखवलं, ग्लायकोजेन वेगळं काढलं ते १८५७ मध्ये.

आता पहाटेची गोष्ट. साधारण तीननंतर शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन चढायला लागतं, त्याआधी झोपेत ग्रोथ हार्मोन सुटलेलं असतंच, आणि या दोघांमुळे लिव्हर जास्त ग्लुकोज सोडते, वर साखर खाली आणणाऱ्या इन्सुलिन या हार्मोनचा असर थोडा कमी पडतो. हे तुमच्या माझ्या सगळ्यांच्या शरीरात होतं, फरक इतकाच की डायबेटिस नसलेल्याचं स्वादुपिंड तेवढ्यापुरतं थोडं जास्त इन्सुलिन सोडून ते सावरून घेतं, आणि आईचं सावरू शकत नाही. याला डॉन फिनॉमिनन म्हणतात, डॉन म्हणजे पहाट. तेव्हा सकाळचा आकडा वाढला म्हणून कुणाला "रात्री चोरून काय खाल्लंस" असं कृपा करून विचारू नका, फार लागतं ते माणसाला.

रक्तात एकूण साखर असते तरी किती?

ऐकून आश्चर्य वाटेल, एक छोटा चमचाभर. मोठ्या माणसाच्या अंगात ५ लिटरच्या आसपास रक्त, दर १०० मिलिलिटरमध्ये ९० मिलिग्रॅम ग्लुकोज, गुणाकार केला की साडेचार ग्रॅम. आणि एकटा मेंदू दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो, म्हणजे तासाला ५ ग्रॅम. म्हणजे कोणी भरपाई केलीच नाही तर रक्तातला सगळा साठा तासाभराच्या आत संपेल. आणि आपण एका जेवणात याच्या दहापट, पंधरापट ग्लुकोज पोटात घालतो, तरी आकडा ९० चा फार तर १३०-१४० होऊन परत खाली येतो. मला तर हा हिशोब कळला त्या दिवसापासून डायबेटिस नसलेल्या शरीराचंच जास्त नवल वाटायला लागलं.

इन्सुलिन नक्की करतं काय? किल्लीसारखं पेशीचं दार उघडतं असं ऐकलंय.

ते बरोबर आहे पण अर्धंच. स्नायू आणि चरबीच्या पेशींच्या आत ग्लुकोज ओढून घेणारी प्रथिनं असतात, ग्लूट-४ नावाची, ती एरवी आतच पडून असतात, इन्सुलिन बाहेरून येऊन पेशीवर बसलं की ती वर पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत जायला लागतं. हे झालं दार.

पण इन्सुलिनचं दुसरं काम मला तितकंच मोठं वाटतं, ते म्हणजे थांबवणं. ते लिव्हरला सांगतं की आता बाहेरून साखर आलीय, तू सोडणं बंद कर आणि साठव. चरबीला सांगतं की वितळू नकोस. हा निरोप पोचला नाही तर माणूस जेवत असताना पण लिव्हर साखर सोडतच राहते, दोन्हीकडून भर. टाइप २ डायबेटिसमध्ये, म्हणजे इन्सुलिन असूनही शरीर त्याचं ऐकत नाही त्या प्रकारात, नेमकं हेच होतं.

आणि सगळ्याच पेशींना ही किल्ली लागते असंही नाही. मेंदू आणि लाल रक्तपेशी इन्सुलिनची वाट न बघता ग्लुकोज घेतात.

साखर वाढली हे स्वादुपिंडाला कळतं कसं? मेंदू सांगतो का?

मेंदूचाही थोडा हात असतो पण मुख्य काम तिथल्या तिथे होतं. स्वादुपिंड पोटाच्या मागे आडवं असतं, त्यातला बहुतेक भाग पचनाचे रस बनवतो, आणि त्यात मधेमधे बारीक बेटं विखुरलेली असतात, दहा लाखांच्या घरात, पण सगळी मिळून वजन अवयवाच्या एक-दोन टक्केच. १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने ती मायक्रोस्कोपखाली पाहिली, ती कशासाठी आहेत हे त्याला कळलं नव्हतं, नाव मात्र त्याचंच राहिलं.

या बेटांमधल्या बीटा पेशी इन्सुलिन करतात. एकच बीटा पेशी डोळ्यासमोर आणा. रक्तात ग्लुकोज वाढलं की ते आपोआप तिच्या आत शिरतं, तिथे ग्लुकोकायनेज नावाचं एन्झाइम त्याला पकडतं, आणि हे एन्झाइम असं आहे की जितकं ग्लुकोज जास्त तितकं जास्त काम करतं, म्हणजे खरा मीटर हाच. ग्लुकोज जळून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं, एटीपी वाढलं की पोटॅशियम बाहेर जायची फट बंद होते, त्याने पेशीच्या पडद्यावरचा विजेचा भार बदलतो, मग कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत आलं की इन्सुलिन भरलेल्या पिशव्या पडद्याला चिकटून फुटतात आणि इन्सुलिन रक्तात. काही मिनिटांत सगळं. सल्फोनिल्युरिया गटाच्या डायबेटिसच्या गोळ्या ती पोटॅशियमची फटच बंद करतात, म्हणून त्या साखर कमी असली तरी इन्सुलिन सोडायला लावतात आणि म्हणून त्या घेऊन जेवण चुकवायचं नसतं.

पहिल्या दहाएक मिनिटांत तयार पिशव्यांचा एक मोठा लोट येतो आणि मग हळूहळू दुसरा टप्पा, जो साखर खाली येईपर्यंत चालतो. टाइप २ मध्ये हा पहिला लोट फार लवकर हरवतो, म्हणून कित्येकांची उपाशीपोटीची साखर चांगली दिसते आणि जेवणानंतरची उडालेली असते.

ग्लुकॅगॉन आणि ग्लुकोज एकच ना?

नाही, नावं सारखी म्हणून गडबड होते. ग्लुकोज ही साखर, ग्लायकोजेन हा तिचा साठा, आणि ग्लुकॅगॉन हे हार्मोन जे लिव्हरला तो साठा फोडायला सांगतं. त्याच बेटांमधल्या अल्फा पेशी ते करतात, अगदी बीटाच्या शेजारी बसून. इन्सुलिन वाढलं की ग्लुकॅगॉन दबतं, इन्सुलिन घटलं की डोकं वर काढतं. डायबेटिसमध्ये बऱ्याचदा हे दबणंच नीट होत नाही, त्यामुळे जेवल्यावरही ग्लुकॅगॉन चढलेलं राहतं, आणि दोष मात्र सगळा इन्सुलिनवर जातो.

साखर खाली जायला लागली तर शरीर काय करतं?

हा माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. साखर वर न्यायला शरीराकडे ग्लुकॅगॉन, ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन अशी चार हार्मोन्स आहेत, आणि खाली आणायला खरं म्हटलं तर एकटं इन्सुलिन. साखर वाढून नुकसान व्हायला वर्षं लागतात, कमी होऊन मेंदू बंद पडायला मिनिटं पुरतात, म्हणून पहारा सगळा त्या बाजूला. एकटं इन्सुलिन थकलं तर त्याची जागा घ्यायला कोणी नाही, हेच डायबेटिसचं मूळ दुखणं.

क्रम साधारण असा. ८० च्या आसपास आलं की इन्सुलिन सुटणं कमी होतं. ७० च्या खाली घसरायला लागलं की ग्लुकॅगॉन आणि ॲड्रेनलिन. वेळ लांबला तर कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन. ५५ च्या आसपास अंगावर लक्षणं दिसतात, त्याहून खाली गेलं की विचार करणं अडखळतं. डायबेटिस नसलेला माणूस पहिल्या पायरीवरच सावरतो.

इंजेक्शनने घेतलेल्या इन्सुलिनची अडचण इथे आहे. शरीराचं स्वतःचं इन्सुलिन रक्तात काही मिनिटंच टिकतं, बंद केलं की संपलं. इंजेक्शनचं इन्सुलिन त्वचेखालून झिरपत राहतं, साखर ६० झाली म्हणून ते थांबत नाही.

एका रात्री आईने इन्सुलिन नेहमीएवढं घेतलं आणि पोट बरं नाही म्हणून दोन घास खाऊन ताट सरकवलं. मला जाग आली अडीचला, ती पलंगावर उठून बसली होती, गाऊन घामाने पाठीला चिकटलेला, हात इतके थरथरत होते की मीटरच्या पट्टीवर थेंब लावायला मला तिचं बोट धरावं लागलं. ४८. मी ग्लुकोजची पावडर पाण्यात ढवळून दिली तर म्हणाली, "मला नको, मला झोपू दे," आणि माझा हात ढकलला, जे ती कधी करत नाही. ती चिडचिड म्हणजे मेंदूला साखर पुरत नव्हती. घाम आणि थरथर म्हणजे ॲड्रेनलिन, शरीराची हाक. पंधरा मिनिटांनी ७६ झाली आणि तिने विचारलं, "तू का जागी आहेस?"

हे सगळ्यांना असंच जाणवेल असं नाही, आणि हे घरच्यांनी लक्षात ठेवा. टाइप १ वाल्यांमध्ये, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ उरतच नाही त्यांच्यात, काही वर्षांत लो शुगरला ग्लुकॅगॉनचा प्रतिसादच नाहीसा होतो, आणि वारंवार लो होत राहिली तर ॲड्रेनलिनची हाकही मंदावते, माणूस घाम न येता सरळ गोंधळतो. बीपी-हार्टसाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना धडधड आणि थरथर कळत नाही, घाम मात्र येतो.

लो झाली तर तेव्हा काय करायचं?

माणूस शुद्धीत असेल, गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, १५ मिनिटं थांबून परत तपासा, ७० च्या खालीच असेल तर परत तेवढंच. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. अकार्बोज नावाची गोळी चालू असेल तर साधी साखर उपयोगाची नाही, ग्लुकोजच हवं, कारण ती गोळी साखरेचे तुकडे होऊच देत नाही. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल, तातडीची मदत बोलवा. अशा वेळेसाठी ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन मिळतं, ते लिव्हरचा साठा सोडवतं, तुम्हाला ते जवळ ठेवायला हवं का हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

नॉर्मल आकडे कोणते?

उपाशीपोटी ७० ते ९९ नॉर्मल, १०० ते १२५ प्रीडायबेटिस म्हणजे डायबेटिसचा उंबरठा, १२६ आणि वर डायबेटिस. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० च्या आत नॉर्मल, २०० आणि वर डायबेटिस. एचबीए१सी नावाच्या रक्ततपासणीत ५.७ टक्क्यांच्या आत नॉर्मल, ६.५ आणि वर डायबेटिस. हे शेवटचं दोन-तीन महिन्यांचं सरासरी चित्र देतं कारण लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस तिला साखर चिकटत राहते. एका तपासणीवर सहसा शिक्का मारत नाहीत, परत करून बघतात. हे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरचे, मीटर मिलिमोल दाखवत असेल तर १८ ने गुणा.

टेन्शनने साखर खरंच वाढते का?

हो. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल किडनीच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींतून येतात आणि दोघांचा निरोप एकच, पळायला किंवा लढायला इंधन लागेल, साखर काढा. ताप, इन्फेक्शन, ऑपरेशन, अपघात, नीट झोप न होणं, सगळ्याला शरीर असंच उत्तर देतं, म्हणून आजारपणात काही न खाता २५० दिसू शकतं. स्टेरॉइडच्या गोळ्या म्हणजे कॉर्टिसॉलचेच भाऊबंद, दमा किंवा सांधेदुखीसाठी त्या सुरू झाल्या तर साखर, विशेषतः दुपारनंतरची, चढते. स्वतःच्या मनाने त्या बंद मात्र करू नका, अचानक बंद करणं धोक्याचं असतं.

साखर तोंडाने घेतली आणि सलाइनमधून दिली तर फरक पडतो?

पडतो, आणि यातून डायबेटिसच्या औषधांची एक अख्खी पिढी निघाली. तेवढंच ग्लुकोज तोंडाने दिलं तर इन्सुलिन कितीतरी जास्त सुटतं, कारण आतडं जीएलपी-१ आणि जीआयपी नावाची हार्मोन्स सोडून स्वादुपिंडाला आधीच कळवतं की जेवण येतंय. जीएलपी-१ ग्लुकॅगॉन दाबतं, पोट सावकाश रिकामं करतं, भूकही कमी करतं, आणि साखर वाढलेली असेल तेव्हाच इन्सुलिनला जोर देतं. अडचण एकच, डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याला एक-दोन मिनिटांत तोडून टाकतं. मग गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत त्याच्यासारखंच पण न तुटणारं एक रसायन सापडलं आणि त्यावरून बनलेलं एक्झेनाटाइड २००५ मध्ये औषध म्हणून आलं. आताची आठवड्यातून एकदा घ्यायची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं याच कुटुंबातली, आणि ग्लिप्टिन गटाच्या गोळ्या त्या तोडणाऱ्या एन्झाइमलाच अडवतात.

टाइप १ आणि टाइप २ मध्ये नेमका फरक काय?

टाइप १ मध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती बीटा पेशींना मारते, इन्सुलिन जवळजवळ उरतच नाही, मग चरबी बेफाम वितळते, त्यातून कीटोन्स नावाची आम्लं तयार होतात आणि रक्त आम्ल होऊन जिवावर बेततं, म्हणून त्यांना इन्सुलिन बंद करून चालतच नाही. टाइप २ मध्ये इन्सुलिन असतं, सुरुवातीला तर नेहमीपेक्षा जास्तच असतं, पण लिव्हर आणि स्नायू ऐकत नाहीत, बीटा पेशी जास्त जास्त काम करून भरून काढतात आणि एका टप्प्यावर त्यांना जमेनासं होतं. म्हणून टाइप २ वाल्यांना काही वर्षांनी इन्सुलिन लागलं तर ती त्यांची हार नाही आणि पथ्य मोडल्याची शिक्षा तर अजिबातच नाही.

चालल्यावर साखर उतरते पण जोरात पळाल्यावर कधी कधी वाढते, असं का?

चालताना स्नायू आकसतात त्या आकसण्यानेच ग्लूट-४ वर येतं, इन्सुलिनची गरज पडत नाही, आणि म्हणूनच इन्सुलिन न जुमानणाऱ्या शरीरातही चालणं काम करतं. खूप जोर लावला की ॲड्रेनलिन उसळतं, लिव्हर स्नायूंच्या गरजेपेक्षा जास्त साखर ओतते, तासाभरात सहसा उतरते. स्नायूंचाही ग्लायकोजेनचा साठा असतो, लिव्हरच्या तीन-चारपट, पण तो रक्तात परत सोडायचं एन्झाइम स्नायूंकडे नाही, त्यांचा तो स्वतःपुरताच.

उपाशीपोटी दारू प्यायली तर लो होते हे खरं?

खरं. लिव्हर दारू निपटण्यात गुंतली की नवीन ग्लुकोज बनवणं मागे पडतं. इन्सुलिन किंवा सल्फोनिल्युरिया घेणाऱ्यांना धोका जास्त, कधी कधी कित्येक तासांनी, झोपेत. आणि बघणाऱ्याला वाटतं प्यायलाय म्हणून बरळतोय.

गरोदरपणात अचानक शुगर कशी निघते?

वारेतून म्हणजे प्लॅसेंटातून येणारी हार्मोन्स आईच्या शरीरात इन्सुलिनचा असर कमी करतात, म्हणजे बाळाला ग्लुकोज मिळत राहावं. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन करून निभावतं, काहींचं नाही. म्हणून साधारण २४ ते २८ आठवड्यांत तपासणी करतात. वार पडली की गरज झपाट्याने उतरते, पण अशा बाईला पुढे टाइप २ होण्याची शक्यता जास्त असते, तेव्हा बाळंतपणानंतरची तपासणी टाळू नका.

इन्सुलिनची गोळी का नाही?

इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे, गिळलं तर पोट ते जेवणासारखंच पचवून टाकतं. म्हणून सुई.

शोधलं कोणी?

१८८९ मध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला डायबेटिस झाला, तेव्हा जागा कळली. पुढे १९२१ मध्ये टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी मॅक्लिऑडच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाचा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ ला लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं, अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. कॉलिपने तो शुद्ध केला, २३ जानेवारीला परत दिला आणि मुलाची साखर उतरली. त्याआधी टाइप १ झालेल्या मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवण्यापलीकडे कोणाकडे काही नव्हतं. इन्सुलिनचं पेटंट बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला देऊन टाकलं. मी आईचं इन्सुलिनचं पेन फ्रिजमधून काढते तेव्हा मला दर वेळी तो मुलगा आठवतो.

मग तुमच्या आईच्या सकाळच्या साखरेचं काय झालं?

डॉक्टरांनी चार रात्री पहाटे तीनला तपासायला सांगितलं. कारण १३८ दोन वाटांनी होऊ शकतं, एक म्हणजे रात्रीचं औषध कमी पडतंय आणि साखर रात्रभर चढलेलीच आहे, दुसरी म्हणजे तीनपर्यंत ठीक आहे आणि पहाटेच्या हार्मोन्सनी वर नेलीय. रात्री लो होऊन उलटी उसळी येते असंही बरेच जण सांगतात, प्रत्यक्ष तपासल्यावर तसं क्वचित निघतं, पण ती अडीचची रात्र झालेली असल्यामुळे आम्हाला तेही बघायचं होतं. गजर लावून उठलो, तीनचे आकडे आले १०४, ९८, ११०, १०१, आणि त्याच सकाळी सातला १३० ते १४०. म्हणजे पहाटच. डॉक्टरांनी रात्रीच्या इन्सुलिनची वेळ बदलून दिली, डोस वाढवला नाही, नाहीतर तीनला परत लो झाली असती. आता सकाळी बहुतेक ११५ च्या आसपास असते, एखाद्या दिवशी १३० दिसली तर आई मला हाक मारून सांगते, "आज लिव्हरने जरा जास्त सोडलीय."